झोपेच्या दारातलं गाऱ्हाणं

मी सुरमई आणायला म्हणून घराबाहेर पडले आणि परत आले ती झोपायला शिकायचं ठरवून. हसू नका. चाळिशी उलटलेल्या बाईला झोपायला कोण शिकवणार, असं मलाही वाटलं होतं.

तारकर्लीला आमचं चार खोल्यांचं होम-स्टे आहे. नवरा, सत्यवान, पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवतो, आणि डॉल्फिन दिसले नाहीत तर त्यांच्या गोष्टी सांगतो. स्वयंपाकघर माझं. त्या फेब्रुवारीत पुण्याची दीपिका नावाची मुलगी महिनाभर येऊन राहिली होती. लॅपटॉप घेऊन माडाखाली बसायची आणि दिवसभर इंग्रजीत कुणाची तरी समजूत काढायची. त्या सकाळी ती माझ्या स्कूटरवर मागे बसून मालवणच्या बंदरावर आली. वाटेत मी सहज म्हटलं की समुद्राकाठी जन्म गेला, पण मला पोहता येत नाही.

"मग स्वप्नात पोहा ना ताई," ती म्हणाली.

तिला ते यायचं. स्वप्न चालू असताना हे स्वप्न आहे हे तिला कळायचं, आणि मग ती त्यात हवं ते करायची. युक्ती एकच. अंगाला झोपू द्यायचं, पण आपण झोपायचं नाही. डोळे मिटायचे, हलायचं नाही आणि मन एका जागी धरून ठेवायचं. अंग बधिर होतं, कानात घूं घूं सुरू होतं, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. तिथे बहुतेक लोक घाबरून उठतात. न घाबरता पडून राहिलं की दार उघडतं. आत गेल्यावर नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघायचा. नाक बंद असूनही श्वास आत गेला, तर आपण स्वप्नात. "आणि आत रडायचं नाही, संतापायचं नाही," ती म्हणाली. "मन उसळलं की जाग येते. तसं वाटलंच तर तळहात घासायचे आणि त्यांच्याकडेच बघत राहायचं."

आमच्याकडे दुपारी दोन ते चार म्हणजे मेल्यासारखी वेळ. पाहुणे सुरमईचं ताट रिचवून आडवे झालेले असतात, कुत्रीसुद्धा भुंकायचा आळस करतात. मी माजघरात चटई टाकली आणि दीपिकाने सांगितल्याप्रमाणे श्वास मोजायला लागले. बारापर्यंत गेले आणि घोरायला लागले, असं शाळेतून आलेली तेजस्वी म्हणाली. तेजस्वी म्हणजे माझी लेक, नऊ वर्षांची आणि जिभेला हाड नसलेली.

चार दिवस असंच झालं. मग मी माझा उपाय काढला. मनातल्या मनात विळीवर बसायचं आणि नारळ खवायचा. एक श्वास, एक फिरकी. नारळ खवताना माणूस पेंगत नाही, कारण पेंगला की बोट गेलं. तीस वर्षांची सवय ती. अंग झोपलं तरी बोटं जागी राहिली. पाचव्या दुपारी मी विळीवरून उठून थेट समुद्रात चालत गेले, नाक दाबून श्वास घेतला आणि पोहले! अहो, काय पोहले म्हणून सांगू! देवबागच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. जागी झाले तेव्हा आनंदाने रडत होते. पुढच्या दोन दुपारी माडांच्या शेंड्यांवरून उडाले. संध्याकाळी भाकऱ्या थापताना मला माझंच हसू आवरत नव्हतं.

मग आठवी दुपार आली.

अंग बधिर झालं होतं. कानात घूं घूं सुरू होतं. पण त्या दिवशी त्या घूं घूंमध्ये कुणीतरी बोलत होतं... हळू, एका लयीत, मध्ये थांबून. काही क्षण ऐकल्यावर मला ओळखू आलं. कुणीतरी गाऱ्हाणं घालत होतं.

गाऱ्हाणं आमच्या हाडात असतं. घरचा कर्ता पुरुष हातात नारळ घेऊन देवापुढे उभा राहतो, घरातलं सगळं त्याच्या कानावर घालतो, आणि तो जिथे जिथे थांबतो तिथे बाकी सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझे वडील गावचे मानकरी. मी बोलायला लागले तेव्हा पहिला शब्द "आई" होता की "व्हय म्हाराजा," यावर घरात वाद होता. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं, व्हय आम्ही म्हणायचं. इतकी वर्षं म्हटलं. काय बोललं जातंय याकडे कुणाचं लक्ष असतं? तो थांबला की जीभ आपोआप उचलते.

"ह्या घरात एक लेकरू आसा..." आवाज म्हणाला आणि थांबला.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"तेची झोप आजपासना आमची..."

"व्हय म्हाराजा."

"आवशीन आपल्या तोंडान दिलेली आसा..."

"व्हय म्हा..."

तिथे मला कळलं. आवस म्हणजे आई, म्हणजे मीच. मी ओरडून उठले. घामाने चटई भिजली होती आणि घरात उबट वास येत होता, भाताच्या बंद कणगीत येतो तसा. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. गाऱ्हाण्याची सुरुवात देवांची नावं घेऊन होते. या गाऱ्हाण्यात एकाही देवाचं नाव नव्हतं.

त्या दिवशी तेजस्वी शाळेतून आली ती दप्तर काढायच्या आधीच पडवीत झोपली. मी तिला हलवून उठवलं, तिने दोन घास खाल्ले आणि ताटावरच मान टाकली. दुसऱ्या दिवशी ती फक्त दुपारी अर्धा तास जागी होती. तिसऱ्या दिवशी उठलीच नाही.

ताप नव्हता. श्वास नीट होता. दीपिकाची आणि बाकी पाहुण्यांची दुसरीकडे सोय करून जिल्ह्याच्या ठिकाणच्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही तिला नेलं, तिथे रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले, पण कशात काही नाही. "रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्या हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या. "पण प्रतिसाद कमी होत चाललाय. उद्या सकाळी गोव्याला हलवू."

मी तिच्या उशाशी बसून होते. मला जे दिसत होतं ते डॉक्टरांना दिसत नव्हतं, कारण त्या आमच्या भागातल्या नव्हत्या. थोड्या थोड्या वेळाने माझ्या लेकीचे ओठ हलायचे. आवाज नाही, फक्त ओठ. व्हय म्हाराजा. मग थोडा वेळ शांत. मग पुन्हा... व्हय म्हाराजा.

मी सत्यवानला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं तो ओरडेल. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"माका आधी कित्याक सांगूक नाय गो?"

"तू हसलो असतंस."

"हसलो असतंय," तो म्हणाला आणि त्याने डोळे पुसले. "तुझ्या भावाक फोन करतंय. मानकरी तो आसा. तो देवळात गाऱ्हाणा घालीत."

"व्हय कोणी म्हटल्यान? मी. मगे मोडूचा ता पण मीच."

"अगो, गाऱ्हाणा बायकांनी घालूचा नसता..."

"आणि पोटचा चेडू देवन टाकूक व्हय म्हणूचा, ता बायकांचा चलता?"

तो उठला आणि म्हणाला, "काय करूया ता सांग."

दुपारचे दोन वाजले होते. वॉर्डात चार खाटा, त्यातल्या दोन रिकाम्या. फिनाईलचा वास, पंख्याची किरकिर, आणि कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारी भिंतीकडे तोंड करून झोपलेली. मी तेजस्वीच्या खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकली आणि हात वर करून तिचा हात धरला. सत्यवान दारात उभा राहिला. कुणी आलं तर परतवायचं, मी कण्हले तरी उठवायचं नाही, एवढंच त्याला सांगितलं. छाती इतकी धडधडत होती की झोप यायची कुठून? तरी मी मनातली विळी मांडली. नारळ घेतला. एक श्वास, एक फिरकी... एक श्वास, एक फिरकी... लेकीचा विचार आला की बोटं घसरायची आणि मी पुन्हा पहिल्या फिरकीवर यायचे. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. मी हट्टी आहे, हे माझ्या सासरी सगळे सांगतील.

शेवटी पाय गेले. मग हात गेले. कानात घूं घूं आलं. छातीवर भार आला, आणि तो या वेळी खरंच बसल्यासारखा आला, मांडी घालून, निवांत. मी हलले नाही. खवत राहिले. खर्र... खर्र... मग मी मुद्दाम हात थांबवला.

खर्र... खर्र... आवाज थांबला नाही.

मी उठून उभी राहिले. वॉर्ड तसाच होता, पण खाटा रिकाम्या होत्या आणि दारात सत्यवान नव्हता. मी नाक चिमटीत धरलं. श्वास आरामात आत गेला. म्हणजे पोचले होते.

दारातून बाहेर पाऊल टाकलं तर आमचं खळं. तुळशीपुढचं शेणाने सारवलेलं अंगण, ओळखीचं, पण भर दुपारच्या उन्हात कशाचीच सावली पडलेली नव्हती. आणि खळ्यात मुलं बसली होती, रांगा करून, माझ्याकडे पाठ फिरवून. किती? आमच्या घराची सीमा जिथे संपते तिथेही रांगा संपत नव्हत्या. कुणाच्या अंगावर शाळेचा गणवेश, कुणी नुसत्या लंगोटीत, कुणाच्या वेणीत अबोलीचा वळेसर. कणगीचा तोच उबट वास. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारा नारळ घेऊन उभा होता, त्याचीही पाठच. तो बोलत होता, थांबत होता, आणि सगळी मुलं एका आवाजात व्हय म्हणत होती.

तिसऱ्या रांगेत माझी तेजस्वी. हॉस्पिटलच्या हिरव्या कपड्यात.

रडायचं नाही. संतापायचं नाही. मी तळहात एकमेकांवर घासले आणि त्यांच्याकडेच बघत राहिले. खळं जरासं थरथरलं आणि पुन्हा जागेवर आलं.

"आवस पण इली..." म्हातारा वळून न बघता म्हणाला. "आवशीची झोप पण आमची..."

आणि थांबला. माझी जीभ उचलली. देवाशप्पथ सांगते, उचलली! चाळीस वर्षांची सवय, ती काय एका दिवसात जाते? मी एका हाताने नाक दाबलं, दुसऱ्या हाताने तोंड. तोंड बंद, नाक बंद, तरी श्वास येत होता आणि जात होता. शब्द मात्र आत राहिला. मुलं व्हय म्हणाली, मी म्हटलं नाही. म्हातारा पुन्हा तेच बोलला. पुन्हा थांबला. मी पुन्हा म्हटलं नाही. तिसऱ्यांदा तो जरा जास्तच थांबला, आणि त्या थांबण्यात मी तोंडावरचा हात काढला आणि वडिलांसारखी छाती भरून सुरू केलं.

"बा देवा रामेश्वरा... माये सातेरी... गावच्या सगळ्या राखणदारांनू... आज तुमची लेक शेवंती तुमच्या पुढ्यात उभी आसा, बाई माणूस म्हणान रागावा नको!"

आवाज माझा होता. इतका मोठा आवाज मला आहे, हे मला ठाऊक नव्हतं. मी थांबले. कुणी काही म्हटलं नाही.

"चुकान एक व्हय माझ्या तोंडातना गेला. ता व्हय मी आज परत घेतलंय..."

शांतता. जिथे कुणी व्हय म्हणत नाही ते गाऱ्हाणं लागू होत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. एकट्याचं बोलणं ते नुसतंच बोलणं. म्हातारा हळूहळू वळला. मला वाटलं होतं काहीतरी भयंकर बघावं लागेल. साधा म्हातारा होता, सुरकुतलेला, डोळे मिटलेले. तोही झोपलेलाच होता.

मी तेजस्वीकडे बघितलं आणि तिला घ्यायला आले आहे, एवढंच सांगणार होते. पण त्या सगळ्या पाठी समोर होत्या. कुणाच्या मानेवर देवी आल्याचे व्रण, कुणाच्या दंडात मळलेला ताईत. या सगळ्यांनाही कुणीतरी घरी हाका मारल्या असतील. मला एकटीची लेक मागवेना.

"माझा चेडू माझ्या घराक येवंदे," मी म्हटलं, "आणि जी जी लेकरां हय बसवलेली आसत, ती सगळी आपापल्या घराक जावंदेत. कोणाच्या झोपेर कोणाचो हक्क नाय. जो व्हय म्हणात तो ह्या शब्दाक बांधलो. परत ह्या वाटेक येवचो नाय..."

आणि मी थांबले. वडील थांबायचे तशीच, मान जराशी वाकवून, पुढच्या श्वासाची वाट बघत.

"व्हय म्हाराजा," तिसऱ्या रांगेतून एक झोपाळू, चिरका आवाज आला.

माझी पोर. माझीच सवय. मग तिच्या पुढची रांग व्हय म्हणाली. मग मागची. अहो, ती सगळी आमच्याच मातीतली लेकरं, बोलणारा थांबला की त्यांची जीभ कशी गप्प राहणार? खळं दणाणलं. व्हय म्हाराजा! व्हय म्हाराजा! आणि सगळ्यात शेवटी, डोळे मिटलेल्या त्या म्हाताऱ्याचे ओठ त्याच्या मनाविरुद्ध उघडले आणि तोही म्हणाला, व्हय म्हाराजा. व्हय म्हणाला तो बांधला गेला. मी पुढे जाऊन त्याच्या हातातला नारळ काढून घेतला, डोक्यावर उचलला आणि तुळशीच्या कट्ट्यावर आपटला. गाऱ्हाणं घालणाऱ्यानेच नारळ फोडायचा असतो. तो मी फोडला.

"आये," खाटेवरून आवाज आला, "घसो सुकलो माझो. इतक्या मोठ्यान कोण ओरडता?"

मी चटईवर होते. सत्यवान दारातून धावत येत होता आणि वाटेतल्या स्टुलाला आपटून खाली पडला. घड्याळात दोन वाजून अकरा मिनिटं झाली होती. तेजस्वी उठून बसली होती, डोळे चोळत होती, आणि आपल्याला हिरवे कपडे कुणी घातले म्हणून चिडली होती. तिला पेज हवी होती, आणि पेजेबरोबर सुका बांगडा. डॉक्टर आल्या, टॉर्च मारून बघितलं, पुन्हा बघितलं आणि म्हणाल्या की वैद्यकशास्त्रात कधी कधी असं होतं. मी म्हटलं, होत असेल. मला त्या वेळी कुणाशी वाद घालायचा नव्हता. मी जिंकले होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या बोलण्याला व्हय म्हणत आलेली मी, मी बोलले होते आणि सगळ्यांनी मला व्हय म्हटलं होतं. त्या आनंदात मी त्या कोपऱ्यातल्या म्हातारीलासुद्धा चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरी निघालो. सत्यवान रिक्षात गाणं म्हणत होता. तेजस्वी माझ्या मांडीवर पाय टाकून बाहेर डोकावून वाडीतल्या बोरकरांच्या कुत्र्याला चिडवत होती. फाटकाशी उतरलो तोच शेजारची जानकी कुंपणापलीकडून धावत आली. ती माझ्याशी बोलत होती, रिक्षातून उतरणाऱ्या तेजस्वीकडे तिचं लक्ष नव्हतं.

"काय गो शेवंती, चेडवाक काल दुपारीच पाठवलंत? ता पण एकट्याक? दोन सव्वादोनाक बघतंय तर तुझ्या पडवीत निजलेला. हाक मारलंय, उठूक नाय. अंगार चादर घालून इलंय मी."

सत्यवानचं गाणं थांबलं.

आम्ही खळं ओलांडून गेलो. पडवीत चटईवर एक मुलगी झोपली होती, भिंतीकडे तोंड करून. जानकीची चादर कमरेपर्यंत होती. सहा-सात वर्षांची असेल. अंगात परकर-पोलका, आता कुणी शिवत नाही असा, आणि वेणीत सुकलेल्या अबोलीचा वळेसर. श्वास चालू होता. पाठ हळूहळू वरखाली होत होती.

"ही कोणाची गो?" सत्यवानने कुजबुजत विचारलं.

मला तेव्हा भीती वाटली नाही, खरं सांगते. मला अभिमानच वाटला. कुणास ठाऊक किती वर्षांपूर्वी याच घरातून ती गेली असेल, आणि मी एका शब्दावर तिला परत आणलं होतं. "आमच्याच घरची," मी म्हटलं. "घराक जा म्हणान मीच सांगलंय. भुकेली आसतली. मी भात टाकतंय."

मी आत जायला वळले तेव्हा तेजस्वीने माझा पदर धरला. 

"आये... ही थंय माझ्या बाजूक बसलेली."

"मगे? सगळीच सुटली, बाय."

"तू गाऱ्हाणा घातलंस ना, तेव्हा सगळ्यांनी व्हय म्हटल्यानी." तिने आवाज अगदी खाली आणला. "एकट्या हिनाच तोंड उघडूक नाय. ही तुझ्याकडे वळान बघी होती... आणि हिचे डोळे उघडे होते."